आक्का दूध घेऊन यायची

माझी थोरली बहीण कायमची माहेरी आली ती एका ओळखीच्या टेम्पोतून. सोबत एक पत्र्याची पेटी, तिची गाय आणि गायीचं वासरू. बाकी सगळं सासरच्यांनी परंड्यातच ठेवून घेतलं होतं. पण गाय तिनं स्वतः वाढवलेली, ती सोडायला ती तयार झाली नाही. तेरच्या स्टँडपासून घरापर्यंत आक्का गायीचं दावं धरून चालत आली. मी पेटी उचलली होती. वाटेत ती एकदाच बोलली, गाय दोन दिवस पाणी प्यायली नाही म्हणून.

दाजी ड्रायव्हर होते. दुष्काळात त्यांनी गावोगाव पाण्याचे टँकर नेले, पुढं साखरेचा ट्रक घेऊन मुंबईकडं जायला लागले. खोकून खोकून गेले तेव्हा सगळे टीबीच म्हणाले. पण सोलापूरच्या डॉक्टरांनी मरणाआधी त्यांचं आणि आक्काचंही रक्त तपासायला पाठवलं होतं. दोघांनाही एड्स निघाला. एड्स हा शब्द मी तोवर फक्त पेपरात वाचला होता. आमच्याकडं त्याला ‘मुंबईचा आजार’ म्हणायचे, तेही आवाज खाली करून. आम्ही निकाल घेऊन परत येईपर्यंत बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. कुणी सांगितलं ते मला आजवर कळलं नाही.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी होतो. पहाटे माप घ्यायचं, दुधातलं पाणी ओळखायला लॅक्टोमीटर बुडवायचा आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतायचं. आक्का रोज चरवी घेऊन रांगेत उभी राहायची. बाकीच्या बाया आधी तिच्याजवळ उभ्या राहून बोलायच्या. मग हळूहळू तिच्या पुढं आणि मागं एकेक माणूस मावेल एवढी जागा मोकळी राहायला लागली. ती मात्र पदर सारखा करून रांग सरकेल तशी सरकत राहायची.

एके सकाळी संस्थेच्या चेअरमननी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, दाजींच्या मयतीला आमच्यासोबत परंड्याला आला होता. लोक म्हणतात, तिचं दूध पडलेल्या कॅनमध्ये आम्ही आमचं दूध ओतणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तूच काय ते घरी बघ, म्हणाले.

संध्याकाळी आक्का धारा काढत होती. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून म्हणालो, “उद्यापासनं तू नको येऊ. दूध मी नेत जाईन.”

ती धारा काढतच राहिली. चरवी भरल्यावर म्हणाली, “म्हंजी दूध चालतंय त्यास्नी. मी न्हाय.”

आठ दिवस मी चरवी नेली आणि धार आईनं काढली म्हणून खोटं सांगितलं. मग तेही दूध लोकांना नको झालं. आक्का वासराला पोटभर पाजायला लागली आणि उरलेल्याचं तूप कढवायला लागली. त्या तुपाचा वास घरभर सुटायचा, पण ते कुणी भाकरीला लावत नव्हतं. तिचं ताट तर कधीच वेगळं झालं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आईच एक दिवस डोळे पुसत ते परसदाराच्या कोनाड्यात ठेवून आली आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

पुढं औषधासाठी मी एकटाच सोलापूरला गेलो तेव्हा तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी धीर करून विचारलं, दुधातून होतं का? हात लागला तर? बाईंनी दोनदा नाही म्हणून सांगितलं. “एका ताटात जेवलात तरी काही होत नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही जेवणार का?”

परतीची एसटी तुळजापूरला देवीच्या माणसांनी भरली. मला सगळ्या वाटेत तो प्रश्न ऐकू येत होता.

घरी आलो तर आक्का परसात एकटीच जेवत बसली होती. मी समोर बसलो आणि तिच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला. तिनं ताट मागं ओढलं.

“डॉक्टरनं सांगितलं म्हून आलास व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो. खोटं बोलणं मला आता जमणार नव्हतं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ताट पुढं सारलं. “मग खा. तूप घे.”

दुसऱ्या दिवशी आईनं ते ताट आमच्या ताटांसोबत घासलं. दुधातून हा आजार होत नाही अशी चिठ्ठीही मी डॉक्टरीणबाईंकडून संस्थेसाठी लिहून आणली होती. चेअरमननी ती वाचली, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. ती सभेत वाचायला मी भाग पाडू शकलो असतो. पाडलं नाही.

शेवटचे काही महिने आक्का बाजेवर पडून दाजींबद्दलच बोलायची. बायांना वाटायचं तिनं त्यांना शिव्या द्याव्यात. ती म्हणायची, “त्यानं दिलं ते बी खरं, अन् लांबच्या फेरीवरनं येताना माझ्यासाठी गाडी थांबवून बोरं वेचायचा ते बी खरंच की.” मला ते तेव्हा पटायचं नाही. ती चैत्रात गेली. वय एकतीस.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत एक बाई आल्या होत्या. वीस वर्षांपासून हाच आजार, रोज गोळ्या घेतात, शेती करतात आणि पोरांना उघडपणे सगळं सांगतात. त्या बोलत होत्या तेव्हा मी मनातल्या मनात आक्काचं वय मोजत होतो, या गोळ्या तेव्हा असत्या तर आज ती किती वर्षांची असती म्हणून. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, घरात कुणी होतं का?

“थोरली बहीण,” मी म्हणालो.

“कशी होती?”

इतक्या वर्षांत लोकांनी मला विचारलं होतं ते तिला आजार कसा झाला, कुणाकडून झाला. ती कशी होती हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो, ती बुटकी होती, चालायची भरभर, हसताना तोंडावर पदर धरायची. एसटी आली. बाई म्हणाल्या, पुढच्या गाडीनं जाते, तुम्ही सांगा.