हुकाला लावलेला रंग

आषाढात माझे यजमान गेले. त्या दिवशी जीपची किल्ली माझ्या दिरांकडे आली, आणि जीपमागे ओढायची जनरेटरची ट्रॉलीही.

लातुरात आमचं लग्नकार्याला जनरेटर भाड्याने देण्याचं काम आहे. भोकरच्या एका मुलीच्या वडिलांना यजमानांनी आधीच शब्द दिला होता, की हळदीच्या रात्री मांडवात उजेड आमचा. मार्गशीर्षात तो शब्द पाळायला दीर निघाले. त्यांच्या हातची ही पहिलीच फेरी. "वैनी, तुमी बी चला. पाव्हण्याला दादाच आल्यावानी वाटंल," म्हणाले. मला ते पटलं नाही. पण घरी बसून एकच पान पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा बरं, म्हणून पुस्तक घेऊन जीपमध्ये बसले.

लोह्याच्या अलीकडे मागच्या ट्रकवाल्याने बाजूला येऊन सांगितलं, "मालक, तुमच्या ट्रॉलीचे लाईट येडे झालेत."

चहाच्या हॉटेलासमोर थांबलो. दिवस कलला होता. अंधारात दिव्यांविना ट्रॉली ओढायची नाही, हा यजमानांचा नियम होता. आणि तिकडे भोकरचा मांडव आमच्या उजेडाची वाट पाहत होता.

दीर ट्रॉलीमागे उभे राहिले, मी ब्रेकवर पाय ठेवला.

"दाबा वैनी. गेली. सोडा. आली. लाईट हाय तर ब्रेक न्हाई, आन् ब्रेक हाय तर लाईट न्हाई."

डावीकडचा इंडिकेटर दिला, तर दोन्हीकडचे दिवे मिणमिणू लागले.

"डावीकडं जावं का उजवीकडं, ह्येच तिला ठरवता यीना."

"घराण्यावर गेलीय," मी म्हणाले.

त्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, जीप आणि ट्रॉलीमधला प्लग काढून त्यात फुंकर मारली. काही फरक पडेना.

"त्या पुस्तकात बघा की. कामून वाचून राहिल्या मग?"

"यात अजून कोणी गाडीत बसलेलं नाही, भावजी."

मी खाली उतरले, ट्रॉलीभोवती फिरले. जीपचा हुक लालभडक होता. त्यात अडकलेली ट्रॉलीची कडीही तशीच, बाकीच्या ट्रॉलीसारखी. मला यजमान आठवले. सकाळची इष्टलिंगाची पूजा ते चहा निवायच्या आत उरकत. हुकाची मात्र सावकाश चाले. ट्रॉली जोडण्याआधी दर वेळी पॉलिश पेपरने हुक आणि कडी चकचकीत होईपर्यंत घासत. मी विचारायची, "झाली का पूजा? बेल वाहायचा राहिला." ते नुसते हसत.

"भावजी, हुकाला रंग कोणी दिला?"

"म्याच की. दसऱ्याला. दादा गेल्यावर गाडीची रया गेली, आसं कुणी म्हणू न्हाई म्हणून."

"तुमचे दादा तर तो घासून उघडा ठेवायचे." दीर हुकाकडे बघत राहिले. मग त्यांनी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक ट्रॉलीच्या रंग न लागलेल्या लोखंडाला लावलं आणि दुसरं जीपच्या. दिवे लख्ख लागले. दिव्यांकडे गेलेल्या विजेला परत यायला लोखंडाचा रस्ता लागतो, आणि आमच्या ट्रॉलीत तो हुकातून होता. दिरांनी तो मायेने रंगवून बंद केला होता.

जीपच्या कप्प्यात पॉलिश पेपरचा तुकडा तसाच होता. दीर खाली बसून घासू लागले. घासता घासता म्हणाले, "दादानं ह्ये मला कधी सांगितलं न्हाई."

"मला तरी कुठं सांगितलं? मला ती पूजाच वाटायची."

"मंग बेल आणू का?"

हळद दळायच्या गाण्यांत आम्ही भोकरला पोहोचलो. मुलीच्या वडिलांनी आधी ट्रॉलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची पुढे केली. जनरेटर सुरू झाला.

आता दीर दर फेरीआधी हुक आणि कडी घासतात. बाकीची ट्रॉली लाल आहे.