बाथरूमच्या दारावरचे वॉल्व

रुक्मिणीला वाचता येत नाही, हे अख्ख्या मरोळमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस, तिचा नवरा धाकू, दोन पावसाळ्यांमागे वारला होता.

धाकू होता तोवर सगळं झाकून गेलं. सकाळी तो मोठ्याने पेपर वाचायचा, ही चहा गाळता गाळता ऐकायची आणि दुपारी सोसायटीच्या बाकावर स्वतः वाचल्यासारखी सांगायची. मुलाच्या, सुयोगच्या लग्नाच्या बोलणीत धाकूनेच ठोकून दिलं होतं की मुलाची आई चौथी पास. तेव्हापासून ती चौथी पास होती.

सून श्वेता साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या ऑफिसात होती. नात गार्गी पावलं टाकायला लागली तशी श्वेताने परत कामावर जायचं काढलं. सुयोगचं म्हणणं, पोरीला पाळणाघरात ठेवू. श्वेता म्हणाली, आई आहेत ना घरात. एवढंसं वाक्य, पण रुक्मिणी ते दिवसभर मनात घोळवत राहिली. धाकू गेल्यापासून तिच्यावाचून काही अडतं असं कोणी बोललं नव्हतं.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर पाइप फुटला. घरात माणसं होती, पण कुठला वॉल्व बंद करायचा ते एकालाही माहीत नव्हतं. पाणी जिन्यावरून खाली आलं. श्वेताने धडा घेतला. बाथरूमच्या दाराच्या वर भिंतीवर चार वॉल्व ओळीने होते, सगळे एकसारखे, पाइप भिंतीत गेलेले. स्टुलावर चढून तिने त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूसाठी मुद्दाम मराठीत, ठसठशीत अक्षरात. चिकटवताना ती एकेक म्हणत होती. किचन. फ्लश. गिझर. शेवटचा सोसायटीच्या लाइनचा, आतून झिजलेला. फिरवला तर तुटून हातात येईल आणि वरची टाकी रिकामी होईस्तोवर पाणी थांबायचं नाही, असं प्लंबर बजावून गेला होता. त्यावर तिने लिहिलं, ‘हात लावू नये’.

“वाचा बघू आई, खालून दिसतंय ना?”

रुक्मिणीने मान वर केली, डोळे बारीक केले आणि जसं ऐकलं होतं तसं ओळीने म्हणून दाखवलं. श्वेताला हायसं वाटलं. कामावर येते म्हणून तिने त्याच संध्याकाळी ऑफिसात कळवलं.

पुढे घरात वॉशिंग मशीन आलं. रुक्मिणी गार्गीला घेऊन खाली बागेत असताना प्लंबर आला, मशीनसाठी ओळीच्या सुरुवातीलाच एक नवा वॉल्व बसवून गेला. श्वेताने त्यालाही चिठ्ठी लावली. सासूला सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. लिहिलंय की वर.

एका दुपारी गिझरची नळी सुटली. पाणी फवाऱ्यासारखं दाराबाहेर आलं आणि हॉलभर पसरलं. गार्गी त्यात बसून तळव्यांनी थपाथप मारत होती. फ्रिजजवळ जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड होता, पाणी त्याच्याकडे निघालेलं. रुक्मिणीने पोरीला उचलून पलंगावर टाकलं, स्टूल ओढलं, वर चढली. तिसरा, गिझर. तिसरा फिरवला. पाणी तसंच.

मग तिने मोजले. वॉल्व पाच होते.

वाढलेला कुठल्या टोकाला? हात न लावायचा तो कुठला? पाचही चिठ्ठ्या तिच्या नाकासमोर होत्या. हात पुढे जाईना. मागे गार्गी पलंगावरून खाली उतरायला लागली होती.

रुक्मिणी उतरली, पोरीला कडेवर घेतलं आणि समोरचं दार बडवलं. मृणालिनीताई, नोकरीतून निवृत्त झालेल्या शेजारीणबाई, साडी वर खोचत आल्या. स्टुलावर चढल्या, वर पाहिलं, चौथा वॉल्व फिरवला. पाणी थांबलं. तोवर बोर्ड धूर सोडून काळा पडला होता.

“अहो, हे काय, गिझर लिहिलंय ना इथे.”

“चष्मो गावाक नाय,” रुक्मिणी म्हणाली. चष्मा सापडला नाही म्हणे, आणि तो तिच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. मृणालिनीताईंनी तो पाहिला.

श्वेता आल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी लादी पुसून झाल्यावर श्वेता जळक्या बोर्डाकडे बघत बसली. मग तिने सरळ विचारलं.

“माका वाचूक येणा नाय गे,” रुक्मिणी म्हणाली. “कधीच येय नाय होता.”

बाबांना माहीत होतं का, एवढंच सुयोगने विचारलं. तिने होकाराची मान हलवली.

“वाचता येत नाही त्याचं मला काही नाही हो, आई,” श्वेता म्हणाली. “पण मी विचारलं तेव्हा तुम्ही वाचून दाखवलंत. उद्या तापाचं औषध कुठलं ते पण असंच सांगाल. मी तिकडे ऑफिसात बसून काय समजू?”



रविवारी, प्लंबर गिझरची नळी बसवून गेल्यावर, श्वेताने जुन्या ओढण्या फाडून पट्ट्या केल्या आणि कुठला रंग कशाला, ते सासूला विचारलं. रुक्मिणीने लाल दिला झिजलेल्याला, हिरवा गिझरला. गाठी तिने स्वतः मारल्या, श्वेताने स्टूल धरलं. गार्गीचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही.

सोमवारी सुयोग आणि श्वेता पोरीला घेऊन निघाले. पाळणाघराची पिशवी सुयोगच्या खांद्याला होती. दार लागल्यावर रुक्मिणीने स्टूल ओढलं. मग स्टुलावर चढून तिने हिरव्या पट्टीचा वॉल्व बंद केला, खाली उतरून गिझरचा नळ सोडून बघितला. थोडं पाणी आलं आणि थांबलं. बरोबर होतं. ते दाखवायला घरात कोणी नव्हतं.