आधी आवाज ऐकव

गावस टीचर आमच्या कॉलेजच्या हिशेबाच्या कोर्सला शनिवारच्या ऑनलाइन वर्गात इतरांसारखी हजेरी घेत नसत. त्या एकेकाला नावाने हाक मारत आणि म्हणत, "माइक उघड गो. तुज्या घरात आता काय वाजता ता आयकव." मग आम्ही गप्प राहायचं आणि घराने बोलायचं. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू, कुणाची आजी कोंबड्यांना शिव्या घालतेय. टीचर केरी गावच्या. शेवटी त्या स्वतःचा माइक उघडाच ठेवत आणि नेमकी मासळीवाली दारात येऊन ओरडे, "बांगडे जाय गो बाय?" टीचर आतूनच सांगत, "मागीर ये गो, आता शाळा आसा माजी!"

ही पद्धत माझ्यामुळे सुरू झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी मीच पहिली चढले, त्यामुळे अशा वर्गात कसं वागायचं ते सांगणारं घरी कुणी नव्हतं. सुर्ल्याला आमचं घर रस्त्याला लागून. बाबा खनिजाच्या टिपर ट्रकवर ड्रायव्हर. पहिल्याच शनिवारी माझा माइक चुकून उघडा राहिला आणि नळाला पाणी नाही म्हणून बाबा आईवर ओरडले ते सगळ्या वर्गाने ऐकलं. एका मुलाने ते रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी कोर्स सोडायचं ठरवलं.

संध्याकाळी टीचरांचा फोन आला. "सोडू नको. पुढच्या शनवारी ये आणि बघ." पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांचीच घरं ऐकवली आणि म्हणाल्या, "ज्याका हसू येता, तेणी आधी आपल्या घराक गप करून दाखवचा." त्यानंतर कुणाच्याही घराला कुणी हसलं नाही.

रेकॉर्डिंग टाकणाऱ्या मुलाचं नाव त्यांनी ग्रुपवर कधीच घेतलं नाही. त्याला फोन केला. त्यांचा नियमच होता, "राग इलो तर फोन लाव. ग्रुपार बोटां चालवची नाय." त्या काय बोलल्या मला माहीत नाही, पण त्याने आमच्या घरी फोन करून बाबांची माफी मागितली. बाबांना त्या रेकॉर्डिंगचा पत्ताच नव्हता. ते म्हणाले, "माफी कसली रे मागतस? पाणी सोडणारो तू काय?"

कॉलेजचा आदेश होता की कॅमेरा चालू नसेल तर गैरहजेरी लावायची. टीचरांनी तो आमच्यावर कधी लादला नाही. कॅमेऱ्यासमोर माणूस बसवून ठेवता येतो, त्याचं लक्ष बसवता येत नाही, असं त्या म्हणत. लक्ष कुणाचं आहे हे त्या प्रश्न विचारून शोधून काढत. मध्येच विचारत, "सांग, ही रक्कम जमेला की नावे?" त्या तासाला डुलकी घ्यायची सोय नव्हती.

शिरगावच्या जत्रेचे दिवस आले. आमच्यातला सुदेश लईराई देवीचा धोंड, म्हणजे जत्रेआधी व्रत धरणारा भक्त. व्रताच्या दिवसांत तो घरी न राहता इतर धोंडांबरोबर मांडवात राहत होता. तरी त्याने वर्ग चुकवला नाही. त्या शनिवारी त्याने माइक उघडला तर पाण्याचा आवाज आला आणि मागे देवीच्या नावाचा गजर. टीचर म्हणाल्या, "न्हालंस काय रे? बरा, बस."

तेवढ्यात एक अनोळखी आवाज आला. "हा वर्ग आहे की बाजार?" ते कोर्सचे समन्वयक सर होते. कधी आत आले, कुणालाच कळलं नव्हतं. "भजनाची रेकॉर्ड कोण लावतोय? त्याने ताबडतोब कॅमेरा चालू करावा."

सुदेश नुकताच आंघोळ करून उघड्या अंगाने, ओल्या वस्त्रानिशी बसला होता. तो चाचरत म्हणाला, "सर, रेकॉर्ड नाही. मी व्रतात आहे."

"कारणं नकोत. कॅमेरा!"

टीचरांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुमचाही कॅमेरा बंद आहे. आधी तुमचा चालू करा."

पडद्यावर सरांच्या नावाचा नुसता काळा चौकोन होता. मग तो नाहीसा झाला.

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात गावस टीचरांचं नाव नव्हतं. त्या कंत्राटी, म्हणजे त्यांना काढावंही लागलं नाही, नुसतं बोलावलं नाही. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांचा वर्गावर ताबा नव्हता." मला अजून संताप येतो. ज्या वर्गात कुणी कुणाला हसत नव्हतं, तिथे ताबा नव्हता? आणि लपून ऐकणाऱ्याने ताबा म्हणजे काय ते आम्हाला शिकवायचं?

आता समन्वयक सरच वर्ग घेतात. सगळे चेहरे दिसतात, सगळे माइक बंद. "काही शंका?" असं विचारून ते लगेच पुढे जातात.

परवा मी ग्रुपवर हे सगळं लिहायला घेतलं. बरंच लिहिलंही. मग पुसलं आणि सरांना फोन लावला. मोठ्या माणसांशी अशी मी कधी बोलले नव्हते.

"सर, मी सुर्ल्याची रेश्मा परब. गावस टीचरांचा वर्ग बाजार नव्हता. त्यांना परत बोलवा."

आमच्या दारावरून भरलेले टिपर जात होते, आई बाहेर भांडी घासत होती, बाबा नळाला शिव्या देत होते.

"मागे हा गोंगाट कसला?" सर वैतागून म्हणाले. "आधी तो बंद कर, मग बोल."

"तो बंद होत नाही, सर," मी म्हणाले. "ते आमचं घर आहे. मी इथूनच शिकते."