दुसरी उशी

धाकट्या जावेला रुग्णवाहिकेच्या कोर्सचा फॉर्म मीच माझ्या फॉर्मबरोबर आणून दिला. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, टी. टी. नगरच्या त्या वर्गात, लेखी परीक्षेत मी पहिली. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनळी, तिचे दोन फाटे, सगळं तोंडपाठ. बेशुद्ध माणसाची जीभ ढिली पडून मागे जाते, हवेची वाट अडवते आणि बाहेरच्याला ते घोरणं वाटतं, हे मी इतकं छान लिहिलं होतं की सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. जावेला तर श्वासनळी पुढे की अन्ननळी, हेही आठवायचं नाही. पण सरावाचा प्लास्टिकचा पुतळा समोर आला की माझी फजिती ठरलेली. मी मास्क त्याच्या तोंडावर गच्च दाबायचे, त्याला जोडलेली हवेची पिशवी पिळायचे आणि हवा बाजूने फुस्स.

"मैडम, मास्क को मत दबाइए," सर म्हणायचे, "जबड़ा उठाकर चेहरा मास्क में लाइए."

जाऊ दोन बोटांनी जबडा उचलायची आणि पुतळ्याची छाती अलगद वर यायची. तिच्या पोळ्याही अशाच फुगतात. माझा जळफळाट व्हायचा, उगाच कशाला लपवू? घरी बाबांनाही, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, चहा तिच्याच हातचा लागायचा.

ती चतुर्थी होती. बाबांचा कडक उपास, पण मधुमेहाची गोळी त्यांनी सवयीने सकाळीच घेतली होती. आम्हाला कुणाला ते कळलं नाही. दुपारी ते मोठमोठ्याने घोरत होते. शिवाजी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दुपारी बाबांना उठवायचं नाही, हा नियमच. मला वाटलं, मान अवघडली असेल. मी मोदकांसाठी घरी राहिले होते, जाऊ वर्गाला गेली होती. म्हटलं, आज सेवा आपल्या हातून. मी हळूच त्यांच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली. हनुवटी छातीला टेकली, घोरणं वाढलं. मी दार लोटून मोदकांचं सारण परतायला गेले.

जाऊ आली ती चपलांसकट दारात थबकली.

"ताई, बाबा असे कधी घोरत नाहीत."

तिने त्यांना हलवलं, हाका मारल्या. ओ नाही. कपाळ घामाने थबथबलेलं.

"तकिया काढा, ताई!"

मी दगडासारखी उभी. तिनेच दोन्ही उशा ओढून फेकल्या, एक हात कपाळावर ठेवला, दुसऱ्याने हनुवटी वर उचलली. घोरणं थांबलं. श्वास मोकळा, बिनआवाज यायला-जायला लागला.

"साखर घालू तोंडात?" मी विचारलं.

"नको, श्वासात जाईल. तुम्ही जल्दी फोन करा."

तेवढं मी केलं. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले.

संध्याकाळी दवाखान्यात सगळे जमले. कुणी काय केलं, याची चौकशी सुरू झाली. मी मान खाली घातली. जाऊ म्हणाली, "ताईंनीच तकिया काढला. मी आले तेव्हा श्वास मोकळा होता."

मी तोंड उघडलं नाही. आभार तर दूरच, मला तिचा रागच आला. हाताच्या कसबात ती पुढे होतीच, आता मनानेही पुढे निघून गेली, आणि तिथे तर अभ्यास करूनही गाठता येत नाही.

बाबा आता ठणठणीत आहेत. रोज दुपारी मलाच हाक मारतात. "सूनबाई, उशी तूच ठेव. तुझ्या हातची असली की निर्धास्त झोप लागते."

मी एकच उशी ठेवते आणि त्यांचा श्वास ऐकत बसते. जाऊ दारातून बघते आणि निघून जाते. एकदा तरी तिने खरं काय ते सांगून टाकावं, असं मला रोज वाटतं.