धूळ हाय का माणूस?

मोमीन सर संगणकावरचा आलेख वाचण्याआधी पडदा रुमालाने पुसत. गंगाखेडच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे. रुमाल खिशात ठेवत म्हणायचे, "धूळ हाय का माणूस, ते आधी बघा. सरासरी कुठं पळून जायली न्हाई." आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसायचो.

एकदा त्यांनी आकडेही आमचेच घ्यायला लावले. प्रयोगशाळेत सगळ्यांचं हिमोग्लोबिन मोजलं, आणि चिठ्ठीवरचा आपापला आकडा प्रत्येकीने नाव न घालता संगणकात भरला. कळ दाबताच एकेकीचा ठिपका उमटला. सगळे वर दाटीवाटीने, एकच पार तळाशी. सरांनी पडदा पुसला. तो ठिपका गेला नाही.

"सर, टाइप करताना चुकलं असंल," शेजारची वंदना म्हणाली. "काढून टाकू का? सरासरी बी बरी होईल."

"सरासरी बरी होईल. पोरगी बरी होईल का?"

तो ठिपका माझा होता. मी चिठ्ठी वहीत लपवली. दुखणं कळलं तर माझे वडील, बापू, मला गावी पेडगावला परत नेतील आणि शिक्षण सुटेल, ही धास्ती. सरांनी नाव विचारलंच नाही. पोरी जेवायला गेल्या, तरी ते संगणक चालू ठेवून बसून राहिले. शेवटी मीच आत गेले. "सर, ती मी हाय." ते उठले आणि स्वतःच्या खुर्चीवर मला बसवलं. विद्यार्थिनीसाठी मास्तर उठतो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दुखणं कळताच बापू न्यायला आलेच. सरांनी त्यांना चहा दिला. "खुशाल न्या, भाऊ. पन हिचं दुखणं तुमच्या ध्यानात आलं न्हाई, माझ्याबी न्हाई. हिच्या शिक्षणानं दावलं. तेच बंद करायलाव का?" बापूंनी चहा संपवला आणि ते एकटेच एसटीत बसले.

उपचार झाले. परीक्षेआधी सरांनी सगळ्यांचं हिमोग्लोबिन पुन्हा मोजून आकडे भरायला लावले. पडदा पुसून, चष्मा सारखा करून ते कितीतरी वेळ बघत होते; तळाशी एकही ठिपका नव्हता. माझ्या बाकाजवळून जाताना हळूच म्हणाले, "आता तू सापडंना गेलीस की." त्यांचे डोळे भरले होते. एवढा मोठा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

मागच्या वर्षी सर गेले. मी वालूरच्या दवाखान्यात नर्स आहे. गावातल्या बायापोरींच्या हिमोग्लोबिनचा महिन्याचा अहवाल वर पाठवण्याआधी पडदा पुसते. पुसूनही जो ठिपका तळाशी उरतो, त्याचं घर शोधत निघते.