ताईचं कृपादान

मला दोन बहिणी. थोरलीला सगळं चर्च ताई म्हणतं आणि धाकटीला सगळं चर्च, अगदी काठी टेकत येणारी माणसंसुद्धा, धाकटीच म्हणतात. मी मधला. दोघींचं बिनसलं की निरोप पोचवायला माझा उपयोग होतो.

ताई आमच्या अँग्लिकन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. लग्न असो, मयत असो, स्वतःच्या अंगात ताप असो, बाई बाकावर हजर. त्या ऑर्गनला दोन्ही बाजूंनी लाकडी खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर तिच्या आवाजाचं नाव कोरलेलं: डल्सियाना, सॅलिशनल, बूर्डन. लहानपणी ताई सराव करायची, मी खुंट्या ओढायचो आणि धाकटी आमच्या पायाशी बाहुल्या मांडून बसायची. मोठेपणी ती रविवारी उशिरा यायची आणि मागच्या बाकावर डुलक्या काढायची. तरी देवाला सापडली ती धाकटीच, आणि ताईचं दुखणं नेमकं हेच.

धाकटीचं कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून द्यायचं दुकान आहे. एक बसड्रायव्हर कोट घेऊन आला, पण त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. धाकटीने खांद्यावर हात ठेवला आणि तोंडात टाचण्या तशाच धरून पुटपुटली, "देवा, याचा हात तेवढा वर जाऊ दे, मला बाही लावायचीय." हात गेला. मी तिथे नव्हतो. आपण होतो असं सांगणारे मात्र आता इतके भेटतात की त्या दुकानात कोट टांगायला तरी जागा उरली होती का, असा प्रश्न पडतो.

मग गुडघेवाले आले, पाठवाले आले, आणि एके दुपारी आमचे पाळकसाहेब आले. "मी आतून सुकलोय," म्हणाले, "रविवारी वाचतो ते माझं मलाच ऐकू येत नाही." धाकटीने त्यांच्याही खांद्यावर हात ठेवला. इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून ते रडले. तेव्हापासून दर गुरुवारी मशिनी भिंतीला लागू लागल्या, मधे एक खुर्ची आली आणि ज्याला प्रार्थना हवी तो तीत बसू लागला. दुकान पुरेना तेव्हा चर्चचा हॉल मिळाला.

काहींनी सल्ला दिला, आता वेगळं चर्च काढा. धाकटी म्हणाली, "चूल तीच राहू दे. विझलीय, ती पेटवू." म्हणून रविवारी प्रार्थनेचं पुस्तक आणि प्रभुभोजन पूर्वीसारखंच, आणि गुरुवारी हे. या गुरुवारवाल्यांचं मानणं साधं आहे. पवित्र आत्मा प्रेषितांच्या काळापुरता आला नव्हता, तो आजही मागणाऱ्याला भरतो. प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवायचे, कारण समोरच्याचा चेहरा दिसायला हवा. कोणी बरं झालं नाही तर त्याचा विश्वास कमी पडला असं बोलायचं नाही. सभेत आत्म्याने भरून कोणी अनोळखी भाषेत बोललं तर सगळ्यांनी थांबायचं; अर्थ सांगणारा कोणी निघाला तर ठीक, नाहीतर बोलणाऱ्याने पुढे गप्प राहायचं. आणि कृपादान, म्हणजे आत्म्याने दिलेली अशी देणगी, कष्टाने कमवता येत नाही, ते फुकटच मिळतं.

या शेवटच्या वाक्याने ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मग मी इतकी वर्षं काय झक मारली?" ती मला विचारायची, जणू नियम मीच केला होता.

त्यात बेकरीवालीने तिला विचारलं, "तुम्ही धाकटीच्या बहीण ना?" त्या दिवशी ताई पाव न घेताच घरी आली.

गुरुवारी मात्र ती चुकवत नसे. मागच्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसायची. खुर्चीत बस म्हटलं तर म्हणायची, "तिची वेणी मी घातलीय. ती माझ्या डोक्यावर हात ठेवणार?" घरी मात्र स्वयंपाकघराचा नळ सोडून, दार लोटून ती देवाकडे ती अनोळखी भाषा मागत असे. मला ऐकू यायचं. येत होतं ते फक्त पाणी.

मग एका गुरुवारी, गाणं संपून हॉल शांत झाला असताना, ताई उठून उभी राहिली आणि मोठ्याने बोलू लागली. "डल्सियाना सॅलिशनल... बूर्डन, बूर्डन डल्सियाना..." लोकांनी माना खाली घातल्या. मी कपाळ धरलं. आता हसं होणार, आणि उद्यापासून ताई या चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही, हे मला दिसत होतं.

ताई थांबली. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला अर्थ मिळालाय का?"

मग धाकटी पुढे आली. डोळे उघडे, नजर ताईवर.

"अर्थ असा आहे," ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या आधी आले होते. सगळं केलं. मला कोणी कधी विचारलंच नाही, तुला काय हवंय म्हणून."

ताईची पर्स खाली पडली. ती आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे." आणि जाऊन त्या खुर्चीत बसली. "मला तुझा हेवा वाटतो गं," ती धाकटीला म्हणाली, "फार वाटतो." धाकटीने तिच्या डोक्यावर नाही, खांद्यावर हात ठेवला. दोघी रडल्या, आणि मीही, पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

घरी चालत जाताना ताईने विचारलं, "तुला कळलं होतं ना?"

"पहिल्याच शब्दाला."

"पण तिने कधी ऑर्गनला हात लावला नाही. तिला कुठून कळणार?"

"तिच्या बाहुल्यांची नावं विसरलीस? मोठी डल्सियाना, आणि ती एका डोळ्याची बूर्डन."

ताई रस्त्यातच उभी राहिली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी बाजूला होईना. मग पर्स काखेत दाबून चालू लागली.

"म्हणजे खोटं आहे हे माहीत असूनसुद्धा तिने खरा अर्थ सांगितला," ती म्हणाली. "बघ. हेही तिलाच जमलं."