मगरिबची बांग आणि तीन मडकी

चंदाकाकूंना मी पाहिलं ते त्यांच्या म्हातारपणी. जुन्नरात आमची आणि त्यांची भिंत एकच. पाणी दोनदा गाळल्याशिवाय त्या कुणाला देत नसत, आणि आम्ही पोरं त्यांच्या या वेडाला खुशाल हसायचो. पुढं काकू आणि माझे आजोबा इब्राहिम, दोघांच्या तोंडून ती संध्याकाळ ऐकली आणि माझी स्वतःचीच मला लाज वाटली.

एकोणीसशे सहा-सातचा श्रावण. गावात पटकी शिरलेली. काकूंचे यजमान रूपचंद कापडाचे व्यापारी. पहाटेपासून त्यांना जुलाब-उलट्या, दुपारपर्यंत डोळे खोल गेलेले. दवाखान्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "स्वच्छ पाणी मीठ घालून घोट घोट देत राहा. थांबलात तर माणूस हातचा जाईल." आळीतल्या बायका मात्र सांगत होत्या की पटकीला पाणी म्हणजे विष. काकूंनी डॉक्टरांचं ऐकलं.

घरात घडवंचीवर एकावर एक तीन मडकी होती. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात झिरपून आलेलं पाणी. ते उकळून, निववून द्यायचं. एरवी घराला पुरून उरे. पण त्या दिवशी रूपचंद पीत होते नि ओकत होते, आणि पावसाच्या गढूळ पाण्यानं वाळू तुंबलेली. पाणी थेंब थेंब पडत होतं.

त्यात चौविहार. चातुर्मासात सूर्य मावळला की उजाडेपर्यंत रूपचंद पाण्याचा थेंबही घेत नसत. श्रावणाच्या ढगांत सूर्य कुठला दिसायला? म्हणून या जैनाच्या घरात पाणी बंद व्हायचं ते शेजारच्याच आमच्या मशिदीतल्या बांगेवर. संध्याकाळची, मगरिबची बांग ऐकली की रूपचंद तांब्या पालथा घालायचे.

उजेड उतरू लागला तेव्हा खालच्या मडक्यात जेमतेम तांब्याभर पाणी जमलं होतं. बांग झाली की सकाळपर्यंत काही नाही, आणि सकाळपर्यंत हा माणूस राहत नाही, हे काकूंना स्पष्ट दिसलं.

"अहो, आजच्या दिवस सोडा की चौविहार."

"न्हाई," रूपचंद डोळे मिटूनच म्हणाले. "बांग झाली की पाणी बंद."

काकू तशाच आमच्या दारी धावल्या. बांग द्यायचं काम आजोबांकडं होतं. ते निघायच्याच बेतात होते.

"इब्राहिमभाऊ, आज बांग उशिरा द्या. त्यांचा जीव चाललाय."

"वैनी, बांग काय माझ्या घरची न्हाई. वेळ झाली की द्यावीच लागंल," आजोबा म्हणाले.

काकू परतल्या. पाणी उकळलं, निववलं. घोटागणिक कान बाहेर. अंधारलं तरी दिवा लावायचं धाडस त्यांना झालं नाही. बांग कशी आली नाही, याचीच आता त्यांना भीती वाटू लागली. तरी त्या झिरपेल तसं पाणी उकळून रात्रभर पाजत राहिल्या, वाटीमागून वाटी.

रोज आजोबा मशिदीच्या गच्चीवर चढून बांग देत. त्या दिवशी ते वेळेवर उभे राहिले, पण खाली, आतल्या भिंतीशी, आणि नमाजाला आलेल्या चौघांपुरताच आवाज काढला. अल्लानं हे कसं घेतलं असेल, याचा घोर त्यांना मरेपर्यंत होता.

रूपचंद वाचले. चौथ्या दिवशी उठून बसले, तर बायको सुकून गेलेली. नवऱ्याला फसवून त्याचा चौविहार मोडला, म्हणून काकूंनी त्या रात्रीपासून अन्नाला हात लावला नव्हता. रडत त्यांनी सगळं सांगितलं.

रूपचंद खालमानेनं ऐकत राहिले.

"उपास सोड," ते म्हणाले. "बांग आयकली व्हती मी. लई बारीक, पण आयकली. पाणी तोंडात व्हतं. गिळलं, आन पुन्हा तोंड उघडलं. मराया लई भ्यालो व्हतो गं. उपास मला करायचाय, तुला न्हाई."